तुम्ही विचारलंत म्हणून: वकिलाने मागितलेला मानसिक तपासणीचा रिपोर्ट

ठाण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करताना हा प्रश्न वरचेवर येतो: "मुलाचा अमेरिकेचा व्हिसा अडकलाय. वकील मानसिक तपासणीचा रिपोर्ट मागतायत. त्याला डिप्रेशन आलंय, असं लेटरहेडवर लिहून द्याल का?"

आई-वडील मुलालाच घेऊन आलेले असतात आणि बहुतेकदा तिथेच चुकतं. पूर्वी तो अमेरिकेत बेकायदा राहिला असेल, तर १८० दिवसांहून जास्त पण वर्षाच्या आत राहून स्वतः निघाल्यास ३ वर्षांची आणि वर्ष किंवा त्याहून अधिक राहिल्यास १० वर्षांची प्रवेशबंदी लागते. ती माफ करून घ्यायला आय-६०१ हा अर्ज आहे. त्यात अत्यंत हाल होतील असं दाखवायचं असतं ते नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या जोडीदाराचे किंवा आई-वडिलांचे. अर्जदाराचे नव्हे. अर्जदाराच्या लहान मुलांचे हालसुद्धा थेट धरत नाहीत. त्यांच्यामुळे त्यांच्या आईवर, म्हणजे अर्जदाराच्या बायकोवर, पडणारा भार म्हणून ते येतात. म्हणजे तपासणी व्हायला हवी न्यू जर्सीत बसलेल्या, नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या सुनेची, आणि तीही तिथल्या राज्याचा परवाना असलेल्या तज्ज्ञाकडून. ठाण्यातून व्हिडिओ कॉलवर मी ती करणं योग्य नाही.

मुलाचं दुःख खरंच असतं. त्याला उपचार हवेत, ते सुरू करावेत. व्हिसाच्या मेडिकलला घाबरून थांबवू नयेत. नुसतं डिप्रेशन हे मेडिकलमध्ये व्हिसा नाकारण्याचं कारण ठरत नाही. आजाराबरोबर स्वतःला किंवा इतरांना इजा करणारं वागणं असेल, तेव्हा प्रश्न येतो. खोटी माहिती दिली तर मात्र तोच वेगळा आणि मोठा अडथळा होतो.

आता सुनेच्या रिपोर्टबद्दल. नीट तपासणीला दोन-तीन बैठका लागतात. आधी वकिलाचं पत्र वाचायचं: अर्ज कोणता, नेमकं काय दाखवायचंय. मग ही उपचाराची बैठक नाही, इथलं बोलणं सरकारी फाइलमध्ये जाणार आहे, हे सांगून लेखी संमती. डिप्रेशन मोजणारी पीएचक्यू-९ सारखी प्रश्नावली मदतीला असते, पण ती फक्त मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. २७ पैकी १८ गुण आले म्हणून निदान होत नाही आणि दोन वर्षांपूर्वीचं काही कळतही नाही. "ती फार खचली आहे" या वाक्याचा उपयोग नाही. "मार्चपासून पहाटे तीनला जाग येते, आठवड्यातून दोनदा कामावर जाता येत नाही, औषधाचा डोस मे महिन्यात वाढवला" याचा आहे.

हाल दोन्ही बाजूंनी तपासणं उत्तम: ती नवऱ्याविना तिथे राहिली तर काय, आणि इथे ठाण्यात घोडबंदर रोडला राहायला आली तर काय. इथे बरेच जण लिहवून घेतात, "भारतात मानसोपचार मिळत नाहीत." असं कधीही लिहवून घेऊ नका. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, हे अधिकाऱ्याला एका मिनिटात कळेल आणि उरलेल्या रिपोर्टवरचा विश्वासही जाईल. खरी अडचण वेगळी असते: अनेक वर्षांचा डॉक्टर तुटतो, विमा जातो, तिच्या आजारी आईला तिथे बघायला कोणी उरत नाही. ते लिहा. "अत्यंत हाल" हा कायद्याचा निष्कर्ष मात्र सायकॉलॉजिस्टने काढू नये. तो अधिकाऱ्याने काढायचा असतो.

रिपोर्ट पडतो तो सहसा तारखांवर. प्रतिज्ञापत्रात एक महिना, रिपोर्टमध्ये दुसरा. "गणपतीनंतर झोप उडाली" म्हटलं, तर ते कुठल्या वर्षीचे गणपती, हे पासपोर्टवरचे शिक्के बघून ठरवा.

ठाण्यातून देण्यासारखं बरंच आहे. लग्नाआधी सुनेने इथे उपचार घेतले असतील, तर ते जुने कागद आजच्या ताज्या पत्राहून वजनदार असतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आपल्या नोंदी मागायचा हक्क रुग्णाला आहे. सासऱ्यांना नाही, म्हणून तिचं सहीचं पत्र आणा. मराठी कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, सोबत भाषांतर अचूक असल्याचं आणि दोन्ही भाषा येत असल्याचं भाषांतरकाराचं प्रमाणपत्र.

तुमची मुलगी अमेरिकेत नवऱ्याचा मार खात असेल, तर वाट वेगळी. नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तरच ती छळ झालेल्या जोडीदारासाठी असलेला आय-३६० हा अर्ज नवऱ्याच्या सहीशिवाय भरू शकते. तो एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आणि ती एच-४ या त्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर असेल, तर ही सोय नाही. गुन्हा नोंदवून तपासात मदत केली असल्यास गुन्ह्याच्या पीडितांसाठी असलेला यू व्हिसा मागता येतो, पण वर्षाला १०,००० ची मर्यादा असल्याने रांग मोठी आहे. तिच्या तपासणीत वडिलांनी किंवा भावाने दुभाषा होऊ नये. त्यांच्यासमोर ती निम्मं गिळते. त्यांनी आपलं वेगळं निवेदन द्यावं: फोनवर काय ऐकलं, कधी, त्यानंतर काय केलं. आई आणि वडील दोघंही देणार असतील तर वेगवेगळे बसून लिहा. शब्द हुबेहूब जुळले, तर दोन्ही निवेदनं शिकवून लिहिल्यासारखी दिसतात.