आत्तीचा आजार, आप्पांचं रक्त आणि माझी तपासणी

आमच्या आत्तीला अंडाशयाचा कॅन्सर होता. घरात मात्र ‘पोटात पाणी झालं’ एवढंच म्हणायचे. तिची मुलगी, माझी आतेबहीण, 41व्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरचे उपचार घ्यायला लागली, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या घरी सगळे मला समजावत होते, “अगं, ते वडिलांकडचं. तुझ्या आईकडं कुणाला काय न्हाई.” हाच समज आपल्याकडं सगळ्यात घातक आहे, असं आज मी ठामपणे म्हणते. दोष असलेलं जनुक आईकडून येतं तसंच बापाकडूनही येतं. बापाला अंडाशय नसतो, स्तनाचा कॅन्सर पुरुषांत क्वचित होतो, त्यामुळं तो स्वतः बऱ्याचदा धडधाकट राहतो आणि पुढच्या पिढीला ते देऊन जाऊ शकतो.

ताईच्या, म्हणजे या आतेबहिणीच्या, डॉक्टरांनीच मुंबईचा रस्ता दाखवला. महालक्ष्मी एक्सप्रेसनं दादर आणि तिथून परळला टाटा हॉस्पिटल. तिथल्या जेनेटिक्स क्लिनिकमध्ये कौन्सेलर मॅडमनी रक्त घ्यायच्या आधी कागद पुढं ओढला आणि तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढायला घेतला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजार असेल तर आत रंग, माणूस गेलं असेल तर तिरपी रेघ. प्रत्येकाला काय झालं होतं आणि कितव्या वर्षी, हे दोन्ही हवं होतं, कारण कमी वयातला कॅन्सर आनुवंशिकतेकडं जास्त बोट दाखवतो. आजीच्या गोलापाशी आम्ही अडलो. ती आप्पा, म्हणजे माझे वडील, लहान असतानाच गेली, यापलीकडं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तिथूनच गडहिंग्लजला आप्पांच्या मावशीला फोन लावला. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “छातीत गाठ हुती तिच्या. कुणाला दाखवली न्हाई तिनं.” आजीच्या गोलात रंग भरला गेला.

मला वाटत होतं, लगेच माझंही रक्त घेतील. पण आधी तपासतात ते आजारी माणसाला, म्हणजे ताईला. तिच्यात दोष सापडला, तरच बाकीच्यांत नेमकं काय शोधायचं ते कळतं. आधी माझीच तपासणी झाली असती आणि काही निघालं नसतं, तर त्यातून खात्रीचं काहीच हाती लागलं नसतं. शिवाय सगळ्या कॅन्सरपैकी जेमतेम 5 ते 10 टक्केच असे वारशानं आलेले असतात, हेही मॅडमनी बजावून सांगितलं. घरात दोघांना झाला म्हणजे आनुवंशिकच, असं नसतं.

ताईचा रिपोर्ट आला: ब्राका-1 या जनुकात दोष. हे जनुक 17व्या गुणसूत्रावर असतं आणि पेशीतल्या डीएनएची मोडतोड दुरुस्त करायला मदत करतं. प्रत्येकाकडं त्याच्या दोन प्रती असतात. एक जन्मतःच बिघडलेली असली, तरी दुसरी काम सांभाळते. एखाद्या पेशीत तीही निकामी झाली, की कॅन्सरला वाट मिळते. म्हणून वारशानं येतो तो धोका, आजार नव्हे. पुढं मुलाला किंवा मुलीला हा दोष मिळायची शक्यता प्रत्येक वेळी 50 टक्के.

मग आप्पांचं रक्त दिलं. त्यांच्यातही तोच दोष निघाला. त्या रात्री ते जेवले नाहीत. “माझ्यामुळं झालं काय गं हे?” मी म्हटलं, “आप्पा, तुम्हाला तरी कुणी विचारून दिलं हुतं?” ते मला आजही पुरेसं उत्तर वाटत नाही, पण त्यांनी दुसऱ्या दिवशी भावाला स्वतः फोन करून सगळं सांगितलं, याचं मला फार मोल आहे.

माझा रिपोर्टही पॉझिटिव्ह आला. ब्राका-1 मध्ये दोष असलेल्या बाईला आयुष्यभरात स्तनाच्या कॅन्सरचा धोका 60 ते 70 टक्क्यांच्या घरात, अंडाशयाचा 40च्या आसपास. आकडे ऐकून पाय गळाले. पण करण्यासारखं बरंच आहे. स्तनांसाठी आता दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे. अंडाशयाचं तसं नाही. सोनोग्राफी आणि सीए-125 ही रक्ततपासणी केली, तरी तो लवकर सापडेल याचा भरवसा देता येत नाही. म्हणून मुलं झाल्यावर, 35 ते 40 या वयात अंडाशय आणि बीजवाहिन्या काढून टाकायचा सल्ला देतात. मी 37 वर्षांची आहे, दोन मुलं आहेत. ऑपरेशन करून घ्यायचं मी ठरवलं आहे. पाळी एकदम बंद होणार, हाडांकडं लक्ष द्यावं लागणार, हे समजून घेऊनच.

लेक सातवीत आहे. तिची तपासणी 18 वर्षांच्या आधी करायची नाही, नंतरही ती म्हणेल तरच. भाऊ पुढच्या महिन्यात रक्त द्यायला जाणार आहे. काकांच्या मुलींना ताईच्या रिपोर्टची झेरॉक्स पाठवली, कारण नेमका दोष कुठं आहे हे ठाऊक असलं की तेवढाच तपासतात आणि खर्चही बराच कमी येतो. थोरली तयार झाली आहे. धाकटीच्या सासरी हा विषय निघालेला आवडणार नाही, म्हणून तिच्याशी बोलायला येत्या रविवारी मी आणि आप्पा कागलला जाणार आहोत.