सहा हजार वेळा ऐकलं की एक

इथल्या, म्हणजे ब्रिटनमधल्या, अल्बम चार्टचा (आठवड्यात कुठला अल्बम जास्त खपला त्याची यादी) हिशोब मी परवा पहिल्यांदा नीट वाचला आणि डोकंच फिरलं. पैसे भरून ॲपवर ऐकणाऱ्यांची गाणी 1000 वेळा वाजली की एक अल्बम विकला असं धरतात, आणि माझ्यासारखे मधे मधे जाहिराती सोसत फुकट ऐकणारे असतील तर 6000 वेळा. म्हणजे बारा गाण्यांचा अल्बम मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाचशे वेळा ऐकायचा, तेव्हा कुठं ही यादी काढणाऱ्या ऑफिशियल चार्ट्स कंपनीच्या वहीत एक रेघ पडणार. पाचशे वेळा तर गणपतीत आमच्या गल्लीतला स्पीकर पण एक गाणं लावत नाही. लावतो म्हणा, असो.

मला गाण्यातलं शास्त्र कळत नाही हे घरच्यांना माहीतच आहे. पण लीड्सला आल्यापासून शुक्रवारी नवीन काय आलंय ते बसमधनं येताना ऐकायची सवय लागलीय, नवीन अल्बम इथं शुक्रवारी येतात (2015 पासून बहुतेक जगभर तोच वार ठरलाय) आणि बीबीसीच्या रेडिओ वनवरचा चार्ट पण शुक्रवारीच असतो. या आठवड्यात वरच्या नंबरात एक पोरगी आहे जी सबंध अल्बम कानात कुजबुजल्यासारखी गाते, दुसऱ्या गाण्यात आवडली, सातव्यात मला झोप आली. एक पन्नाशीतले गिटारवाले आहेत, त्यांचं तेच जुनं परत पॉलिश करून आणलंय, पण ड्रम ऐकून बरं वाटलं. एक रॅपवाला आहे, बावीस गाणी, प्रत्येक दोन मिनिटांचं, सुरू होतंय म्हणेपर्यंत संपलं. तीस सेकंद वाजलं की मोजलं जातं म्हटल्यावर लांबण कोण लावणार.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे, या लोकांनी नियम बारकाईनं केलेत. अल्बमची सगळ्यात जास्त ऐकली गेलेली 16 गाणीच धरतात, आणि त्यातली वरची दोन गाणी उरलेल्यांच्या सरासरीवर खाली ओढतात, म्हणजे एका हिट गाण्याच्या जिवावर बाकीचा भुसा वर जाऊ नये. आपल्याकडं पिक्चरच्या कॅसेटला हा नियम असता तर निम्मे निर्माते रडले असते.

पण मग माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई. माणूस म्हणून सोनं आहे, मी नवीन आलो तेव्हा घरमालकाला फोन करून माझ्या बाजूनं भांडलेली. पण तिनं एकाच गायिकेचा एकच अल्बम चार रंगांत घेतलाय. रेकॉर्ड म्हणजे आपली एलपी, पंचवीस-तीस पौंडाला एक. ऑफिसात आणून दाखवल्या, वर पातळ प्लास्टिक, त्यावर गोल स्टिकर, एक धुरकट निळी, एक दुधासारखी, एक लाल शिंतोडे उडवल्यासारखी, आणि चौथी कसली तर नुसती पारदर्शक. गाणी तीच, क्रम तोच. मी म्हटलं, उघडणार कधी? तर म्हणे उघडायच्या नाहीत, ऐकायला फोन आहे ना. आता चार्टात तिच्या चार मोजल्या, ऐकायच्या आधीच, आणि मी बिचारा सहा हजारातल्या बाराव्या गाण्यावर. बरं ती एकटी नाही, 2024 मध्ये या देशात 67 लाखांच्या आसपास एलपी खपल्या. ऑक्टोबर 2025 मध्ये टेलर स्विफ्टचा 12 गाण्यांचा अल्बम कितीतरी रंगांत आणि कव्हरांत आला आणि पहिल्याच आठवड्यात नुसत्या ब्रिटनमध्ये चार लाखांच्या वर गेला. वाईट नाहीये तो अल्बम, पण चार लाखांत माणसं किती आणि रंग किती हे मला कुणीतरी सांगा. आणि मग पुढच्या शुक्रवारी गंमत बघा, पहिल्या पाचात आलेले निम्मे अल्बम धाडकन खाली, काही तर यादीतनंच गायब, कारण घेणाऱ्यांनी घेऊन झालेलं असतं. त्याच यादीत खाली आबा (ABBA) या स्वीडिश बँडचा 1992 चा 'गोल्ड' शांतपणे बसलेला, 2021 मध्ये त्याचे हजार आठवडे पूर्ण झाले. त्याला म्हणायचं ऐकणं.

तर त्या बाईनं विचारलं, तुमच्याकडं चार्ट कसा असतो? मी छाती फुगवून बिनाका गीतमाला सांगितली, 1952, रेडिओ सिलोन, अमीन सायानी, तुमचा अल्बम चार्ट 1956 चा, म्हणजे आम्ही चार वर्षं आधी. ती खरंच इम्प्रेस झाली. घरी येऊन बघितलं तर यांचा सिंगलचा, म्हणजे सुट्ट्या गाण्यांचा, चार्ट पण 1952 चाच, आणि तो नोव्हेंबरात सुरू झालेला, गीतमाला डिसेंबरात. हे काय मी तिला सांगायला गेलो नाही. तिनं पण विचारलं नाही.

पण आमच्या बेळगावचा चार्ट कसा असतो हे तिला काय सांगणार होतो? आमचं कोण मोजतंय? खडेबाजारात एक कॅसेट भरून देणारा होता, त्याच्याकडं यादी नेऊन द्यायची, तो साठची का नव्वदची विचारायचा, आणि दोन दिवसांनी कार्डावर बॉलपेननं बारीक अक्षरात नावं लिहून कॅसेट हातात. ए बाजूचं शेवटचं गाणं हमखास मधेच तुटायचं. माझ्या यादीत मराठी भावगीतं, राजकुमारची कन्नड गाणी, हिंदी, आणि मामाच्या हट्टानं एक गझल, सगळं एकाच कॅसेटीत, आणि दुकानदार त्यावर एक शब्द बोलायचा नाही, कारण त्याच्या घरात पण तेच वाजत असणार. ते कुठल्याच हिशोबात आलं नाही. ना महाराष्ट्राच्या, ना कर्नाटकाच्या.

आता आईच्या फोनवर ॲप आहे, ते ठिकाण बघतं आणि म्हणतं कर्नाटक, मग पहिल्या पानावर सगळं कन्नड. मी इथनं फोनवर तणतणलो, भाषा बदल की सेटिंगात जाऊन. आई म्हणाली, "कशाला बदलू गा? पुरंदरदासांचं छान लागालंय, त्यात पण विठ्ठलच हाय की." (पुरंदरदास म्हणजे कन्नड संतकवी.) बेळगावात अनगोळात राहून तिला काही त्रास नाही आणि मी लीड्समध्ये बसून सीमाप्रश्न सोडवतोय, असं बायको म्हणते. तिला काय, ती साताऱ्याची.

कुमार गंधर्व आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे, 1924 चा जन्म, घरचं आडनाव कोमकळीमठ, कन्नड घर, आणि निर्गुणी भजनं गाऊन गेले मध्य प्रदेशात देवासला राहून. त्यांना कुठल्या राज्याच्या खात्यात घालणार होता? एवढं मी त्या बाईला सांगितलं, अर्धं तिला कळलं नसेल, पण दुसऱ्या दिवशी तिनं त्यांचं एक भजन शोधून ऐकलं, पैसे भरलेल्या ॲपवर, म्हणजे माझ्या सहा वेळा ऐकण्याएवढं. वर स्वतःकडची एक जास्तीची सीडी मला दिली, माझ्या जुन्या गाडीत सीडी चालते म्हणून. आता एवढं चांगलं वागणाऱ्या माणसावर चिडायचं तरी कसं?

आणि कुणी विचारायच्या आधी सांगतो, गेल्या शनिवारी मी पण एक एलपी घेतली. पण ती साधी काळी आहे, सवलतीत होती, कोपरा जरा दुमडलेला, आणि त्या गिटारवाल्यांची आहे, ज्यांचा मी अल्बम खरोखर ऐकलाय. एकच घेतली. वाजवायचं मशीन अजून घेतलं नाही, पण ते ब्लॅक फ्रायडेला निम्म्या किमतीत येतं, आत्ता घेणं म्हणजे येडेपणा.