खोडलेलं उत्तर

सहावीच्या घटक चाचणीचे पेपर तपासत होते. अपूर्णांकांच्या बेरजेखाली एका मुलीची जागा कोरी. कोरी म्हणजे खोडरबरनं घासघासून कागद फाटायला आलेला. खिडकीशी पेपर तिरका धरला, तर पेन्सिलीचे वळ दिसले: 3/4 + 1/6, खाली 9/12 + 2/12 आणि उत्तर 11/12. अचूक! पुढचं गणितही तसंच, बरोबर सोडवून पुसलेलं.

मधल्या सुट्टीत तिला बोलावलं. वडील उद्यमनगरात लेथवर कामाला, पोरगी अबोल.

"का गं खोडलंस?"

"चुकलं असंल म्हणून, बाई. मी लिहितो आणि मग खोडतो. कोरं असलं की कोण हसत नाही."

पोटात कालवलं. आधीच्या शाळेत कमी मार्कांपासून नावं मोठ्यानं वाचायचे आणि हिचं नाव सुरुवातीलाच यायचं, हे तिच्याच तोंडून कळलं. ही पद्धत बंदच व्हायला हवी. शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ते पोरांनी वर्गात जीव मुठीत धरून बसावं म्हणून नव्हे.

"हुशार आहेस गं" म्हणून पाठ थोपटायचं मुद्दाम टाळलं. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी 1998 साली पाचवीतल्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. हुशारीचं कौतुक झालेली मुलं अपयश आल्यावर लवकर कच खायची. मेहनतीचं कौतुक झालेली चिकाटीनं टिकायची. कौतुक पोकळ असलं तर पोरांना ते लगेच कळतं, हा माझाही अनुभव. म्हणून नुसतं विचारलं, "छेद 12च का घेतलास?"

"4 आणि 6 चा लसावि 12 येतोय की."

"आणि 24 घेतला असता तर?"

तिनं बाकावर बोटानं आकडे गिरवले. बराच वेळ. मी मध्ये बोलले नाही.

"चाललं असतं, बाई. पण शेवटी परत 2 नं भागावं लागलं असतं."

हे मी वर्गात शिकवलेलंच नव्हतं. तिला तसं सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा तिनं वर बघितलं.

त्या दिवसापासून वर्गात खोडरबर दप्तरात. चुकलं वाटलं तर एकच आडवी रेघ मारायची. रेघेखालची पायरी बरोबर असली तर तिचे मार्क मिळतात. पुढच्या चाचणीत तिची दोन गणितं चुकली, दोन्ही कागदावर तशीच होती. पेपर मिळाल्या मिळाल्या ती टेबलाशी आली. "बाई, ह्या पायरीचा अर्धा मार्क पाहिजे." पायरी चुकलेली होती. का चुकली ते समजावलं, तरी तिला पटेना. "घरी परत करून बघतो," म्हणून पेपर घेऊन गेली.