सतराशे ग्रॅम, पण दिवस भरलेले

पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी ते बाळ आमच्या वॉर्मरवर, म्हणजे ऊब देणाऱ्या पाळण्यावर, आलं. ३८ आठवडे, वजन १७०० ग्रॅम. शेजारी ३२ आठवड्यांचं एक बाळ श्वासासाठी झगडत होतं आणि हे पठ्ठं टकाटका बघत मूठ चोखत पडलेलं. डोकं मोठं, अंग काटकुळं, मांड्यांवर सुरकुत्या, कपाळाला आठ्या. दारातून आजी म्हणाली, "सिस्टर, माझ्या सासऱ्याचंच तोंड घेऊन आलंय की हे!"

मला हसू आलं आणि तिथंच मी फसले. दिवस भरलेत, जोरात रडलंय, मग याला काय होतंय? आईला सातव्या महिन्यापासून बीपी. त्याची इंजेक्शनं चालू होती. चिक निघाला तो जेमतेम चमचाभर. दोन तासांनी साखर बघायची हे ठरलेलं. पण मी अडकले होते त्या ३२ आठवड्यांच्या बाळात.

लंगोट बदलताना पावलं हाताला गार लागली. हात थरथरत होता. मी तो धरला, थरथर थांबली. म्हणजे झटका नव्हे. टाचेवरची स्ट्रिप: साखर २४, फारच कमी.

अशा बाळाच्या यकृतात साखरेचा साठा नसतो, कातडीखाली चरबी नसते आणि मेंदू मात्र अंगाच्या मानाने मोठा, म्हणजे खाणारा मोठा नि कोठार रिकामं. डॉक्टर धावत आल्या. १० टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी शिरेतून, किलोला २ मिली. साडेतीन मिलीसुद्धा नाही, पण ते सावकाश ढकलताना माझाच हात कापत होता. मग साखरेचंच सलाईन. अर्ध्या तासाने ५८.

"रंग बघा कसा लाल-लाल, तब्येत चांगलीय," आजी म्हणाली. तो लालपणाही काळजीचाच होता. पोटात ऑक्सिजन कमी पडला की बाळ लाल पेशी वाढवून भागवतं आणि रक्त घट्ट होतं. शिरेतून नमुना घेताना ते सिरिंजमध्ये काकवीसारखं चढत होतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्का, ६८; ६५ च्या वर गेलं की आम्ही सावध होतो. लेबर रूमच्या सिस्टरनी वार, पोटात बाळाला पोसणारी, पाहिली होती: लहान, पांढरट टणक चट्टे पडलेली.

आजीचा पुढचा बेत तयार होता: घरी नेलं की घुटी, मग वरचं दूध, दोन महिन्यांत गुटगुटीत. मी म्हटलं, अंगावरचंच दूध द्या, फुगवायची घाई नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतली बाळं अभ्यासली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्यांचं ३.५, अंगाने बारीक, पण त्या मानाने चरबी टिकून. अशांना पुढे मधुमेहाचा धोका जास्त. आजीला हे सगळं सांगितलं नाही. "पुढं साखरेचा आजार नको ना?" एवढंच म्हटलं. तिच्या मालकांना तो होता, तिला लगेच पटलं.

पाळी संपताना रजिस्टर भरायला बसले. स्ट्रिपची ठरलेली वेळ ५.१०. केल्याची वेळ मी ५.५० लिहिली. डॉक्टरांनी सही करताना त्या आकड्यावर पेन क्षणभर थांबवलं, पण काही बोलल्या नाहीत.