सायकलच्या फ्रेमला घरीच स्प्रेने रंग देताना

वडिलांच्या जुन्या लोखंडी सायकलला रंग देण्याचे काम मी दिवाळीनंतरच्या दिवसांसाठी राखून ठेवले होते, कारण कोल्हापुरातल्या पावसाळ्यात स्प्रेचा डबा उघडणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. रंगातले थिनर उडून जाताना पत्रा किंचित गार पडतो, दमट हवेतली वाफ त्या गार पृष्ठभागावर धरते आणि ताज्या रंगावर दुधाळ झाक येऊन तकाकी मरते. थंडीतही पहाटेचे दव असतेच, त्यामुळे ऊन चांगले चढल्यावर कामाला लागावे.

वेळ आणि कष्ट खरे जातात ते घासण्यात. जुना रंग घट्ट धरून असेल तर तो पार पत्र्यापर्यंत काढण्याची गरज नसते. १८० नंबरच्या पेपरने सुटे पापुद्रे व गंज काढून ३२० ने कडा उतरवल्या, की नवा रंग धरण्यापुरता खरखरीतपणा येतो. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे न घासता वॉटर पेपर ओला करून घासावा आणि तोंडाला मास्क लावावा. त्यानंतर थिनरच्या फडक्याने फ्रेम पुसली, की तिला उघड्या हाताने शिवू नये, कारण बोटांच्या तेलकटपणावर रंग धरत नाही. जिथे लोखंड उघडे पडले असेल तिथे आधी रेडऑक्साइड प्रायमरच हवा. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला मात्र हा प्रायमर चालत नाही, तिला एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन घट्ट धरणारा प्रायमर, लागतो.

पॅडलचा एक्सल जिथे बसतो तिथले आटे आणि हँडलखालच्या वाट्या कापड कोंबून व टेप लावून झाकाव्यात. एक्सलच्या नळीखाली बहुधा फ्रेम नंबर कोरलेला असतो. सायकल चोरीला गेली तर तक्रारीत तोच उपयोगी पडतो, म्हणून तो लांबी (पुटी) भरून बुजवू नये.

फ्रेम गच्चीत तारेला टांगून, वारा पडलेला पाहून, डबा वीस-पंचवीस सेंटिमीटरवर धरावा. फवारा नळीच्या अलीकडे सुरू करून पलीकडे गेल्यावरच थांबवावा, आणि सांध्यांचे कोपरे आधी उरकावेत. पहिला हात इतका पातळ असावा की खालचा प्रायमर दिसत राहील. तो एकाच हातात झाकण्याची घाई केली की ओघळ ठरलेला. डब्यातून फवाऱ्याबरोबर येणारा वायू पेट घेणारा असल्याने जवळपास शेगडी, उदबत्ती काहीही नसावे.

रोज पावसात जाणारी सायकल असेल तर मी पावडर कोटिंगच सुचवेन. त्यात पावडर साधारण १८० ते २०० अंशांवर भाजून घट्ट केली जाते, आणि डब्यातला रंग तितका चिवट कधीच होत नाही. हाताला कोरडा लागला तरी तो आतून बरेच दिवस मऊ राहतो, त्यामुळे किमान आठवडाभर थांबूनच सीटचा क्लॅम्प आवळावा, नाहीतर त्याचा वळ नव्या रंगात उमटतो.