भांडी बाजारातलं एक शटर ते कोरडा डबा: आमची वाटचाल

नमस्कार मंडळी. दुकानात येणारे बरेच जण विचारतात की ताई तुम्ही नेमकं करता काय, गोंद विकता की तुटलेल्या वस्तू जोडून देता, तर म्हटलं एकदा बसून सगळं नीट लिहावं. आम्ही दोन्ही करतो, आणि दोन्हीच्या मुळाशी एकच गोष्ट आहे ती म्हणजे ओल. ते कसं ते पुढे येईलच.

नाशिकला भांडी बाजाराजवळ अण्णांचं म्हणजे माझ्या सासऱ्यांचं रिपेअरिंगचं दुकान होतं, एका शटरचं. कुकरची रिंग, शिट्टी, मिक्सरच्या भांड्याचं पातं, स्टोव्ह, छत्री असली सगळी कामं. 2015 चा सिंहस्थ झाला त्याच्या आसपास अण्णांना बारीक काम दिसेनासं झालं, नवरा अंबडला कंपनीत, त्यामुळे दुकान मी बघायला लागले. माझं बीएस्सी केमिस्ट्रीत झालंय, त्याचा इथे काय उपयोग असं घरात सगळ्यांना वाटायचं, पण झाला, भरपूर झाला.

काउंटरवर बसलं की एक गोष्ट रोज दिसायची. लोक जी तुटलेली वस्तू आणायचे ती आधीच घरी एकदा दोनदा चिकटवून बघितलेली असायची. गौरीच्या मुखवट्याचा कान, चष्म्याची काडी, चिनी मातीचा हत्ती, देव्हाऱ्याची नक्षी, सगळ्यावर पांढरट डाग आणि गोंदाचे थरावर थर. आणि वाक्य ठरलेलं, "फेविक्विक लावलं हो, पण धरलंच नाही, हल्ली मालच चांगला येत नाही." माल चांगलाच असतो. तो लावायचा कसा आणि ठेवायचा कसा हे कोणी सांगितलेलंच नसतं, पाकिटावर बारीक अक्षरात असतं ते कोण वाचत बसतंय. मग मी सांगायला लागले, आणि आमचा धंदा बदलला तो तिथून.

आता हा झटपट गोंद म्हणजे सायनोॲक्रिलेट. 1942 मध्ये अमेरिकेत कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते, तेव्हा हे रसायन हाती आलं, पण ते ज्याला त्याला चिकटायला लागलं म्हणून बाजूला ठेवून दिलं. 1951 मध्ये त्यांच्याच टीममध्ये ते परत तपासलं तर प्रकाश किती वळतो ते मोजायच्या उपकरणाच्या दोन महागड्या काचा एकमेकींना चिकटून बसल्या, तेव्हा कुठे लक्षात आलं की हा तर जबरदस्त गोंद आहे, आणि 1958 ला तो विकायला आला. सगळ्याला का चिकटतं? कारण जवळपास प्रत्येक वस्तूवर डोळ्याला न दिसणारा ओलीचा थर असतो, आणि हा गोंद फेव्हिकॉलसारखा सुकून धरत नाही, ओल लागली की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन तो घट्ट होतो. ही एवढी एक गोष्ट कळली ना की बाकी सगळं आपोआप कळतं. जाड थर लावला तर मधल्या गोंदापर्यंत ओल पोचत नाही आणि तो कच्चा राहतो, म्हणून थेंबच लावायचा. ट्यूबच्या तोंडाला ओल लागली तर तो तिथेच दगड होतो. आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवाच इतकी दमट की गोंद पटकन पकडतो पण जोड कमजोर होतो आणि बाजूला पांढरी भुकटी धरते. उलट एप्रिल मे मध्ये नाशकाची दुपार एवढी कोरडी असते की धरायला वेळ लागतो, तेव्हा मी एका बाजूवर तोंडाने हलकीशी वाफ सोडते, बस तेवढं पुरतं.

एक काम सविस्तर सांगते म्हणजे अंदाज येईल. पंचवटीतल्या एक काकू लोणच्याच्या बरणीचं झाकण घेऊन आल्या, त्याची वरची मूठ तुटलेली. सासूबाईंची बरणी, टाकवत नव्हती. मूठ बाहेरच्या बाजूला, खाण्याला लागत नाही, तापत नाही, म्हणून काम घेतलं. आधी गोंद न लावता दोन्ही तुकडे बसवून बघितले, कुठून बसतंय, कुठे कण अडकतोय. मग जुन्या तेलाचा चिकटपणा, तो सगळ्यात मोठा शत्रू, साबणाने धुवून, पूर्ण वाळवून, वरून स्पिरिटचा फडका. मग बरोबर मध्ये एक थेंब, मूठ एकदाच ठेवायची, फिरवून बघायची नाही, आणि अर्धा मिनिट नुसतं दाबून धरायचं. काठावर एक टवका उडालेला होता तिथे खायचा सोडा भरून त्यावर गोंदाचा थेंब सोडला, सोड्याने तो क्षणात कडक होतो (गरमही होतो आणि वाफ मारते, तेव्हा खिडकी उघडी पाहिजे), मग पॉलिश पेपरने घासून सारखं केलं. काकूंना वाटलं झालं, लगेच नेते. नाही दिलं. हाताला धरल्यासारखं वाटतं पण पूर्ण ताकद यायला 24 तास लागतात, दुसऱ्या दिवशी नेलं. काकू अजून दर उन्हाळ्यात लोणचं घातलं की छोटी वाटी घेऊन येतात दुकानात.

मग आला 2019 चा ऑगस्ट. गोदावरीला पूर, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती पाण्याखाली, सराफ बाजार भांडी बाजारात पाणी शिरलं. आमचा माल वरच्या फळीवर होता तो भिजला नाही, पण नंतर कितीतरी दिवस भिंती ओल्या, हवा ओली. सीलबंद बाटल्या व्यवस्थित राहिल्या आणि उघडलेल्या सगळ्या घट्ट होऊन गेल्या, काही तर हलवलं तरी हलेनात. सगळं नुकसान उघडलेल्या मालाचं. तेव्हा मी काचेच्या मोठ्या बरण्या आणल्या, रबराची रिंगवाली झाकणं, आत ओल शोषणारे सिलिका जेलचे दाणे, आणि उघडलेली प्रत्येक बाटली काम झालं की त्यात उभी ठेवायची हा नियम केला. फरक इतका पडला की गिऱ्हाईकंच विचारायला लागली, ताई ही बरणी कुठे मिळते.

लॉकडाऊनमध्ये दुकान बंद, लोक घरात, वस्तू मात्र तुटतच होत्या. व्हॉट्सअपवर फोटो यायचे, मी बोलून मेसेज पाठवायचे की हे असं करा, हे करू नका. त्यातनंच आमचा "कोरडा डबा" सुरू झाला. घट्ट झाकणाची छोटी बरणी, आत त्याच सिलिका जेलच्या केशरी दाण्यांची पुडी, एक पातळ गोंद, एक घट्ट जेलवाला, नायट्राइलचे हातमोजे, आणि मराठीत मोठ्या अक्षरात छापलेलं कार्ड. पातळ गोंद चिनी माती, धातू अशा नीट बसणाऱ्या जोडाला. जेल हा पीओपी, लाकूड, दगड यांना, कारण पीओपी पातळ गोंद पिऊन टाकतं आणि जोडात काही उरतच नाही, मुखवट्यांचे कान त्यामुळेच परत परत पडतात. दाणे ओल पिऊन हिरवे झाले की पुडी दुकानात आणून द्या, आम्ही ओव्हनमध्ये 110 ते 120 डिग्रीला तापवून परत केशरी करून देतो, त्याचे पैसे घेत नाही. भिशीच्या बायकांनी पहिले डबे घेतले, मग दिवाळीआधीची प्रदर्शनं, आता पुण्या-मुंबईला कुरिअर जातं. पॅकिंगला आमच्याच गल्लीतल्या दोघी जणी येतात आणि त्या आता माझ्यापेक्षा चांगलं समजावून सांगतात फोनवर.

फ्रीजबद्दल सगळे विचारतात. न उघडलेली ट्यूब फ्रीजमध्ये ठेवा, छान टिकते, फक्त वेगळ्या डब्यात आणि वर मोठं नाव लिहून. वापरायच्या आधी बाहेर काढून तासदोन तास तशीच राहू द्या, गार असताना उघडली तर आत दव धरतं. एकदा उघडली की फ्रीज नको, कोरडा डबा. वापरून झाल्यावर ट्यूब उभी धरून टेबलावर हलकेच आपटायची म्हणजे तोंडातला गोंद खाली जातो, तोंड कोरड्या टिश्यूने पुसायचं, झाकण लावायचं. टाचणी खुपसून ठेवायची सवय सोडा, झाकण नीट बसत नाही आणि टाचणीच चिकटून बसते. आणि एम-सील किंवा अराल्डाइटच्या डब्याशेजारी ठेवू नका, त्यातल्या हार्डनरच्या म्हणजे घट्ट करणाऱ्या रसायनाच्या वाफेनेही हा बिघडतो.

काही कामं आम्ही घेत नाही आणि गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल. कुकरचा दांडा नाही, कारण साधा झटपट गोंद साधारण 80 डिग्रीच्या वर ढिला पडतो. चहाच्या कपाचा कानही नाही, गरम चहा, रोजचं धुणं, आणि तो सुटला तर अंगावरच सांडणार, त्या कपात पेनं ठेवा म्हणतो. बादली, टब, डब्याची झाकणं यावर तळाला त्रिकोणात 2, 4 किंवा 5 आकडा असेल तर हा गोंद धरतच नाही, ते प्लास्टिकच तसलं असतं, त्याला डाग देऊन जोडणारा माणूस वेगळा, त्याच्याकडे पाठवतो. विसर्जनाच्या शाडूच्या मूर्तीचं बोट तुटलं तर भिजवलेली शाडूच लावून देतो, गोंद नाही. चष्मा घेतो, पण काचा आधी काढून, कारण गोंदाची वाफ काचेवर बसून ती धुरकट होते. पोलीस याच वाफेवर बोटांचे ठसे उठवतात, इतकी ती चिवट असते.

आता जे मी प्रत्येकाला सांगते, घाईत असले तरी थांबवून सांगते. गोंद सांडला तर सुती कपड्याने किंवा कापसाने पुसू नका, सुतावर तो एकदम तापतो, धूर येतो, चटका बसतो, सुती हातमोजेही म्हणूनच नकोत. बोटं चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात धरून हळूहळू गोल फिरवत सोडवा, नाहीतर ॲसिटोनवालं नेलपॉलिश रिमूव्हर, पण ते डोळ्यांजवळ, तोंडाजवळ अजिबात नाही आणि चष्म्याच्या फ्रेमवरही नाही. आणि औषधांच्या खणात गोंद कधीच ठेवू नका. डोळ्यात टाकायच्या थेंबांची बाटली समजून लोकांनी गोंद डोळ्यात घातल्याच्या नोंदी डॉक्टरांकडे आहेत, आकार तसाच असतो हो, रात्री दिवा न लावता हात घातला की झालं. असं झालंच तर पापण्या ओढून उघडायच्या नाहीत, कोमट पाण्याने धुवायचं आणि सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे. आमच्या कार्डावर ही ओळ लाल अक्षरात सगळ्यात वर आहे, छापणाऱ्याने खाली घेऊ का विचारलं होतं, मी म्हटलं नाही, वरच पाहिजे.

सध्या दुकान तेच आहे, मागची खोली वर्कशॉप केली आणि तिथे भिंतीवर हवेतली ओल दाखवणारं मीटर लावलंय. जुलै ऑगस्टमध्ये पाऊस लागून राहिला आणि काटा फार वर गेला की नाजूक काम त्या दिवशी घेत नाही, थांबायला सांगतो. अण्णा संध्याकाळी येऊन बसतात, त्यांना बारीक दिसत नाही पण तुकडा नुसता बोटांनी चाचपून कुठे बसेल ते सांगतात.

गौरी गणपतीच्या आधीचे दोन आठवडे फार गर्दी असते, मुखवटे असतील तर श्रावणातच आणा. वस्तू आणताना सगळे तुकडे आणा, बारीक टवकेसुद्धा, प्रत्येक तुकडा वेगळ्या कागदात गुंडाळून म्हणजे कडा एकमेकांवर घासत नाहीत. धुवून आणू नका, आम्ही धुतो. आणि घरी आधी गोंद लावून बघितला असेल तर तसं सांगा, जुना गोंद ॲसिटोनने काढायला एक दिवस जास्त लागतो.