बेस गिटारविना रंगमंचावर

आमच्या ठाण्यातल्या बँडचा बेसवादक नोकरीनिमित्त बंगळूरला गेला, तेव्हा त्याची जागा न भरता गिटार, ड्रम आणि आवाज एवढ्यावरच कार्यक्रम करायचे आम्ही ठरवले. बेसची सर्वांत खालची तार सुमारे 41 हर्ट्झला वाजते आणि गिटारची 82 हर्ट्झला; म्हणजे बेस गेला की खालचे एक संपूर्ण सप्तक रिकामे होते, आणि वाशीतल्या छोट्याशा हॉलमध्येही ती उणीव लगेच जाणवते. त्यामुळे गिटारचा सिग्नल मी दोन वाटांनी नेतो: एक नेहमीच्या अँपकडे (अँप्लिफायरकडे) आणि दुसरा, सूर एक सप्तक खाली उतरवणाऱ्या ऑक्टेव्ह पेडलमधून, बेसच्या अँपकडे. माझे जुने अ‍ॅनालॉग पेडल एकेरी सुरांना चोख साथ देते, मात्र पूर्ण कॉर्ड, म्हणजे अनेक सूर एकत्र, छेडली की ते अडखळते, म्हणून कडव्यात मी खालच्या तारांवर एकेरी सुरांचीच रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट) वाजवतो. बेसवादकाविना वाजवणारे बँड आधीही होते: ‘द डोअर्स’ या अमेरिकन रॉक बँडचे रे मॅन्झरेक कार्यक्रमांत डाव्या हाताने कीबोर्डवर बेस वाजवत, ‘द व्हाइट स्ट्राइप्स’ तर बेसविना, गिटार आणि ड्रम वाजवणाऱ्या दोघांचाच बँड होता. मला हा दुसरा मार्ग अधिक भावतो, कारण त्यात मोकळी जागा गाण्याचाच भाग होते. खरी कसोटी सोलोच्या वेळी लागते: मी वरच्या सुरांकडे गेलो की खालचा आधार सुटतो, आणि तेव्हा आमची ड्रमर झांजा सोडून फ्लोअर टॉम या जमिनीवर उभ्या खर्जातल्या ड्रमवर येते व बेस ड्रमचे ठोके दाट करते.